पेंड वाढवूनही एसएनएफ ८.३ च्या खालीच: कारण कोणत्या क्रमाने शोधावे

लक्षण नेहमीचे आहे. संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय, दिवसाला १५ ते २० लिटर दूध. फॅट ३.६ ते ४.० लागते, पण एसएनएफ (फॅट वगळून दुधातले घन पदार्थ, टक्क्यांत) ८.१ ते ८.३ वर अडकते. सरकी पेंड किलोभर वाढवली की थोडे दिवस बरे वाटते, मग डिग्री (बोलीत एसएनएफलाच डिग्री म्हणतात) पुन्हा खाली येते. मार्चनंतर ती ८.० च्याही खाली जाते. दर बहुधा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला बांधलेला असतो, त्यामुळे प्रत्येक पॉइंटला (०.१ टक्का) पैसे कापले जातात आणि पेंडेचा वाढलेला खर्च अंगावर पडतो तो वेगळाच.

या तक्रारीत बहुतेक वेळा गाईला प्रथिन कमी पडलेले नसते. कासेत दुधाचे प्रथिन तयार व्हायला अमिनो आम्ले लागतात आणि गाईची निम्मी किंवा त्याहून जास्त अमिनो आम्ले तिच्या कोठीपोटातल्या (चारा आंबवणारे पहिले मोठे पोट) जिवाणूंपासून येतात. ते जिवाणू वाढायला स्टार्च आणि पचणारा चारा लागतो. तो कमी असताना पेंड ओतली की तिच्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन रक्तात जातो, यकृतात त्याचा युरिया होतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. पैसे पेंडेचे जातात, डिग्री जागेवरच राहते.

एसएनएफमध्ये नेमके काय हलते?

गाईच्या दुधात लॅक्टोज (दुधातली साखर) साधारण ४.६ ते ४.८ टक्के, प्रथिन ३.० ते ३.२ टक्के आणि खनिजे ०.७ टक्के असतात. कासेत पाणी ओढून घेण्याचे काम लॅक्टोज करते, म्हणून निरोगी कासेत त्याचे प्रमाण फारसे बदलत नाही. खनिजेही जवळपास स्थिर असतात. राहिले प्रथिन. आहारामुळे एसएनएफ वरखाली होते ते मुख्यतः प्रथिनामुळे. (गाय जास्त पाणी प्यायली म्हणून दूध पातळ होत नाही. डिग्रीसाठी पाणी तोडणाऱ्यांनी ते आजच थांबवावे. पाणी तोडले की चारा खाणे घटते आणि प्रथिन आणखी खाली येते.)

१८ लिटरच्या गाईत एसएनएफ दोन पॉइंट, म्हणजे ०.२ टक्के वाढवायचे तर रोज सुमारे ३६ ग्रॅम दुग्धप्रथिन जास्त तयार व्हायला हवे. आतड्यातून शोषलेल्या प्रथिनापैकी साधारण दोन तृतीयांश दुधात उतरते असे धरले, तर गाईला रोज ५४ ग्रॅम पचलेले प्रथिन जास्त मिळायला हवे. हा आकडा लहान आहे. पुढचा सगळा हिशेब याच ५४ ग्रॅमभोवती फिरतो.

आधी मोजणी तपासा

आहाराला हात लावण्याआधी आकडा खरा आहे का ते बघावे. २७ अंश सेल्सिअसच्या लॅक्टोमीटरसाठी (दुधाची घनता मोजण्याचे साधन) वापरले जाणारे सूत्र असे: एसएनएफ = सीएलआर ÷ ४ + ०.२५ × फॅट + ०.४४. सीएलआर म्हणजे तापमानाची दुरुस्ती केलेले लॅक्टोमीटरचे वाचन. फॅट ३.५ असेल तर सीएलआर २८ ला ८.३ आणि २९ ला ८.५६ येते. म्हणजे लॅक्टोमीटरच्या एका डिग्रीचा फरक एसएनएफच्या अडीच पॉइंटांचा. दूध ३२ अंशांवर असताना तापमानाची दुरुस्ती न करता वाचन घेतले, तर जवळपास एक डिग्री कमी दिसते. धार काढल्या काढल्या दुधात हवा आणि फेस असतो, फॅटही पूर्ण गोठलेली नसते, त्यामुळे घनता कमी भरते. तासभर थांबून, दूध हलक्या हाताने खालवर करून मगच मोजावे.

संकलन केंद्रावरच्या अल्ट्रासॉनिक यंत्राच्या पावतीवर प्रथिनाचा आकडा छापून येतो. तो बहुधा एसएनएफवरूनच काढलेला असतो, वेगळा मोजलेला नसतो, म्हणून त्यावर निदान करू नये. खरे प्रथिन आणि दुधातला युरिया हवा असेल तर मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेतल्या इन्फ्रारेड यंत्रावर नमुना द्यावा. संपूर्ण गोठ्याचे एकत्र दूध तपासून काही कळत नाही. प्रत्येक गाईचा सकाळ-संध्याकाळचा वेगळा नमुना, सलग तीन दिवस, आणि सोबत लिटरचा आकडा, एवढे हवेच.

मग कास

दडलेला मस्टायटिस (कासदाह) असेल तर दूध साधे दिसते, पण लॅक्टोज आणि केसीन (दुधातले मुख्य प्रथिन) दोन्ही घटतात आणि दुधात मीठ वाढते. अशा गाईला कितीही महाग खुराक दिला तरी डिग्री येणार नाही. चारही सडांची सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) चाचणी करा. चाचणीत एका जरी सडाचे दूध घट्ट होत असेल तर उपचार पशुवैद्यकाकडून करून घ्या, आहाराचे काम नंतर.

याच पायरीवर वेताची तारीखही पाहावी. व्यायल्यानंतर पाचव्या ते आठव्या आठवड्यात, दूध शिखरावर असताना, प्रथिनाची टक्केवारी सर्वांत कमी असते आणि पुढे आपोआप चढते. गोठ्यातल्या बहुतेक गाई एकाच वेळी व्यायल्या असतील तर सगळ्या गोठ्याची डिग्री एकदम उतरते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र चौथा-पाचवा महिना चालू असूनही प्रथिन २.९ वर असेल तर पुढे वाचा.

फॅट आणि प्रथिनाचे नाते

फॅटला प्रथिनाने भागा. एचएफ गाईत उत्तर १.१ ते १.३ च्या दरम्यान असावे. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत ते १.४-१.५ च्या वर गेले तर गाय अंगावरची चरबी जाळते आहे, म्हणजे ऊर्जा कमी पडते आहे. ऊर्जा अपुरी असली की गाय अमिनो आम्लेही ग्लुकोज बनवायला वापरते आणि केसीनच्या वाट्याला कमी उरतात. उत्तर १ च्या खाली आले तर कोठीपोट आंबट झाल्याची शंका घ्यावी: खुराक जास्त, चारा फार बारीक, शेण पातळ, रवंथ कमी. दोन्हींवरचे उपाय परस्परविरुद्ध आहेत, म्हणून हा भागाकार वगळून पुढे जाऊ नका.

दुधातला युरिया काय सांगतो

दुधातील युरिया नायट्रोजन, म्हणजे एमयूएन, साधारण १० ते १४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावा. अहवालात ‘युरिया’ छापले आहे की ‘युरिया नायट्रोजन’ ते नीट वाचा. युरियाच्या आकड्याला ०.४६६ ने गुणले की एमयूएन मिळतो. युरिया ३० आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, तो एमयूएन १४ आहे.

प्रथिन कमी आणि एमयूएन १६-१८ च्या वर असेल तर नायट्रोजन भरपूर आहे, तो पकडायला जिवाणूंकडे स्टार्च नाही. शेंगदाणा पेंड, सरसो पेंड किंवा युरिया घातलेली गोळी पेंड आणि कोवळी लसूणघास एकत्र दिली जाते तिथे हे चित्र हमखास दिसते. अशा वेळी पेंड वाढवणे म्हणजे दोष वाढवणे.

प्रथिन कमी आणि एमयूएनही ८ च्या खाली असेल तर जिवाणूंना नायट्रोजनच अपुरा आहे. कडबा, उसाचे वाढे, मका मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा मका) आणि मका भरडा, पण पेंड जवळजवळ नाही, अशा आहारात हे होते. इथे पेंड वाढवली की खरोखर फरक पडतो. ‘पेंड वाढवा’ हा सल्ला बरोबर ठरतो तो या एकाच प्रसंगात.

एमयूएन योग्य पण प्रथिन कमी, हा तिसरा प्रकार. खऱ्या अर्थाने अमिनो आम्लांच्या प्रमाणाचा प्रश्न इथेच सुरू होतो.

सर्वांत जास्त सापडणारा दोष: स्टार्च नाही

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यातला एक ठोकळ आहार घेऊ. ४५० किलोची गाय: उसाचे वाढे १५ किलो, हत्ती घास १० किलो, कडबा ३ किलो, सरकी पेंड ४ किलो, गोळी पेंड ३ किलो. कोरडा घटक (पाणी वगळून उरणारा आहार) सुमारे १५ किलो, कच्चे प्रथिन १२-१३ टक्के. स्टार्च मात्र जेमतेम ४-५ टक्के, तोही गोळी पेंडेतून आलेला. दूध देणाऱ्या गाईला कोरड्या घटकाच्या २२ ते २६ टक्के स्टार्च चालतो. शिवाय ४ किलो सरकी पेंडेतून पाव किलोच्या आसपास तेल जाते. त्याने फॅट टिकते, पण जिवाणूंना तेलापासून ऊर्जा मिळत नाही. फॅट लागते आणि एसएनएफ लागत नाही, याचे सरळ कारण इथे आहे.

त्याच गाईचा बदललेला आहार: मका मुरघास २० किलो, लसूणघास ६ किलो, कडबा कुट्टी २ किलो, मका भरडा ३ किलो, सोयाबीन डीओसी (तेल काढून घेतलेली पेंड) दीड किलो, सरकी पेंड दीड किलो, गोळी पेंड दीड किलो. कोरडा घटक तितकाच, कच्चे प्रथिन १५ टक्क्यांच्या जवळ, स्टार्च २३-२४ टक्के. तुमच्या मुरघासात दाणा किती भरला होता यावर हा आकडा हलेल. दाणा दुधाळ असताना कापलेल्या मक्याच्या मुरघासात स्टार्च फार कमी असतो, मग मका भरडा अर्धा-एक किलो जास्त लागेल.

एका किलो मका भरड्यात पाऊण किलोपेक्षा थोडे जास्त एकूण पचनीय घटक असतात. नायट्रोजन पुरेसा असेल तर दर किलो पचनीय घटकामागे जिवाणू सुमारे १३० ग्रॅम प्रथिन बांधतात. म्हणजे किलोभर मक्यावर १०० ग्रॅम जिवाणू प्रथिन, त्यातले पचून शोषले जाणारे सुमारे ६४ ग्रॅम. वरचे ५४ ग्रॅम यात बसतात. हा कागदावरचा हिशेब आहे. गाय त्यातला काही भाग दूध वाढवायला आणि काही अंगावर घ्यायला वापरेल, म्हणून दोन पॉइंटांची हमी कोणी देऊ नये. पण पेंडेच्या पोत्याआधी मक्याचे पोते का आणावे, ते यातून कळते.

मका वाढवताना होणाऱ्या चुकाही तितक्याच नेमक्या आहेत. तीन किलो भरडा एकाच वेळी देऊ नये. तीन-चार वेळांत विभागावा आणि आधी चारा, मग खुराक हा क्रम पाळावा. वाढ दर तीन-चार दिवसांनी अर्धा किलो, त्याहून वेगाने नको. भरडा रव्यापेक्षा जाड ठेवावा. पीठ केले तर कोठीपोट आंबट होते, अख्खा दाणा राहिला तर शेणातून बाहेर येतो. शेण पाण्याखाली धुऊन चाळणीत बघितले की ते दिसते. सोबत खाण्याचा सोडा रोज १०० ते १५० ग्रॅम द्यावा. बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त गाई रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर मका थांबवा आणि कडब्याची कुट्टी दीड-दोन इंचाची करा.

आणखी एक गोष्ट सहसा तपासलीच जात नाही: गंधक. मेथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल आहे आणि ते बांधायला जिवाणूंना आहारातून गंधक लागते. नायट्रोजन १० ते १२ भाग असेल तर गंधक १ भाग हवे. वाढे, कडबा आणि युरियायुक्त गोळी पेंड यांच्या आहारात ते कमी पडते. खनिज मिश्रणाच्या पिशवीवर सल्फरचा आकडा छापलेला आहे का ते बघा.

कोणती पेंड कोणते अमिनो आम्ल देते

कासेत केसीन बांधताना लागणारे एक जरी आवश्यक अमिनो आम्ल कमी पडले, तरी बाकीची कितीही असली तरी काम त्या एकावर अडते. दुभत्या गाईत ते बहुतेक वेळा मेथिओनिन किंवा लायसिन असते. युरोपच्या उत्तर भागात गवताच्या मुरघासावर पोसलेल्या गाईंमध्ये हिस्टिडिन अडते, आपल्याकडच्या आहारात त्याची चिंता आधी करू नये.

दुधाच्या १०० ग्रॅम प्रथिनात ढोबळपणे ८ ग्रॅम लायसिन आणि पावणेतीन ग्रॅम मेथिओनिन असते. जिवाणू प्रथिनातही जवळपास तेवढेच. म्हणून त्याला तोड नाही आणि म्हणूनच आधी कोठीपोट, मग पेंड. आता पेंडी पाहा. सोयाबीनच्या १०० ग्रॅम प्रथिनात लायसिन ६ ग्रॅमच्या वर, पण मेथिओनिन दीडहून कमी. सरकी पेंडेत लायसिन ४ च्या आसपास, मेथिओनिन दीड. शेंगदाणा पेंडेत लायसिन साडेतीन आणि मेथिओनिन एकच्या जवळ, म्हणजे दोन्हीकडून कमी, शिवाय तिचे प्रथिन कोठीपोटात फार लवकर फुटते. ४०-४५ टक्के प्रथिनाकडे बघून ती महाग घेतली जाते, पण डिग्रीसाठी ती वाईट खरेदी आहे. सरसो पेंड दोन्हींत संतुलित आहे. सूर्यफूल आणि तीळ पेंड मेथिओनिनला चांगल्या, लायसिनला कमकुवत. मक्याच्या प्रथिनात लायसिन जेमतेम पावणेतीन.

यावरून जोड्या जमतात. सोयाबीनसोबत थोडी सूर्यफूल, तीळ किंवा सरसो पेंड चांगली. मका भरडा, मका ग्लुटेन आणि मक्याचे डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला, वाळवलेला चोथा) हे तिन्ही एकत्र आले तर लायसिन नक्की कमी पडते. इथेनॉल कारखान्यांतून येणारे तांदळाचे डीडीजीएस ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिन दाखवते आणि स्वस्त पडते. पण वाळवताना जास्त उष्णता लागली की त्यातले लायसिन साखरेला बांधले जाते आणि गाईला पचत नाही. गडद तपकिरी रंग, जळकट वास आला तर ते पोते घेऊ नका, प्रयोगशाळेचा प्रथिनाचा आकडा कितीही चांगला असो. कारण ती चाचणी फक्त नायट्रोजन मोजते. जळालेले लायसिनही त्यात मोजले जाते आणि युरियाही.

बायपास पेंड हा पुढचा टप्पा. पेंडेवर फॉर्मल्डिहाइडची नियंत्रित प्रक्रिया केली की तिचे प्रथिन कोठीपोटात कमी फुटते आणि आतड्यात पचते. राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने हे तंत्र आपल्याकडे रुजवले. १५ लिटरच्या पुढच्या गाईला अशी पेंड साधारण एक किलो, साध्या पेंडेच्या जागी द्यावी, तिच्यावर जास्तीची म्हणून नको. सरसो किंवा सोयाबीनची बायपास पेंड निवडा. शेंगदाण्याची केली तर तिच्यातली अमिनो आम्लांची उणीव तशीच आतड्यापर्यंत पोहोचते. ही प्रक्रिया घरी करू नका. रसायन विषारी आहे आणि प्रमाण थोडे चुकले तरी पेंड आतड्यातही पचत नाही.

बायपास फॅट (कोठीपोटात न फुटणारी चरबी) चालू असेल तर तेही मोजा. दिवसाला १५०-२०० ग्रॅमच्या वर गेले की दूध आणि फॅट वाढते, पण प्रथिनाची टक्केवारी एक-दोन पॉइंट उतरू शकते.

संरक्षित (कोठीपोटात फुटू नये म्हणून आवरण दिलेले) मेथिओनिन आणि लायसिन कधी?

मोजणी, कास, स्टार्च, एमयूएन आणि पेंडेची जोडी हे सगळे नीट झाल्यावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१ च्या मानकांत पचलेल्या प्रथिनाच्या ७.२ टक्के लायसिन आणि २.४ टक्के मेथिओनिन, म्हणजे तीनास एक, असे प्रमाण दिले होते. २०२१ च्या आवृत्तीत टक्केवारीपेक्षा प्रत्येक आवश्यक अमिनो आम्लाचे ग्रॅम आणि ऊर्जा एकत्र धरून हिशेब केला जातो. गोठ्यावर अर्थ एकच: ऊर्जा कमी असेल तर मेथिओनिनच्या पुडीने प्रथिन वाढत नाही.

कोंबडी खाद्यातले साधे डीएल-मेथिओनिन किंवा लायसिन गाईला देऊ नका. जिवाणू ते फोडून टाकतात, आतड्यापर्यंत फारच थोडे पोहोचते. लिव्हर टॉनिकमधल्या मेथिओनिनचेही बहुतेक तेच होते. आवरण असलेलेच उत्पादन हवे. पिशवीवर दोन आकडे शोधा: मेथिओनिन किती टक्के, आणि त्यातले किती आतड्यात उपलब्ध होते. ६० टक्के मेथिओनिन आणि ७० टक्के उपलब्धता असेल तर २० ग्रॅम भुकटीतून गाईला ८.४ ग्रॅम मिळते. १५-२५ लिटरच्या गाईला ८ ते १२ ग्रॅम उपलब्ध मेथिओनिन हे सुरुवातीचे लक्ष्य ठेवावे. दुसरा आकडा छापलेलाच नसेल तर उत्पादन सोडून द्या.

देण्याच्या पद्धतीत बहुतेकांचे नुकसान होते. खुराक रात्रभर भिजवण्याची किंवा शिजवण्याची सवय असेल तर आवरण फुटते. गोळी बनवण्याच्या यंत्रातून गेले तरी तेच. आंबट मुरघासात सकाळी मिसळून संध्याकाळपर्यंत ठेवू नका. कोरड्या खुराकावर, खायला देण्याच्या वेळी, हाताने टाका. परिणाम दिसायचा असेल तर एक-दोन आठवड्यांत प्रथिन साधारण ०.०५ ते ०.१५ टक्क्याने वाढते, म्हणजे अर्धा ते दीड पॉइंट. मिळणारा जास्तीचा दर आणि पुडीची किंमत यांचे गणित मांडा. तीन आठवड्यांत काही हलले नाही तर बंद करा. आहारातला स्टार्चचा बदल जोखायला मात्र तीन आठवडे पूर्ण द्यावेत, जिवाणूंना तेवढा वेळ लागतोच. दोन्ही बदल एकाच आठवड्यात केले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

उन्हाळ्यात हे सगळे असूनही डिग्री उतरते, कारण गाय खातेच कमी. खुराकाचा आणि चाऱ्याचा मोठा हिस्सा पहाटे आणि रात्री द्या, गव्हाणीवर सावली, पाणी चोवीस तास समोर. खाणे घटले म्हणून स्टार्च वाढवून भरपाई करू नका, उष्णतेत कोठीपोट आधीच आंबटाकडे झुकलेले असते. मेथिओनिन-लायसिन या काळात उपयोगी पडू शकते, पण पंखा आणि फॉगरच्या आधी नाही.

आणि एखादी गाय, कास निरोगी, आहार नीट, वेताच्या मध्यावर असूनही प्रथिन २.९ च्या वर जात नाही, तिच्या शेजारची त्याच गव्हाणीवर ३.२ देते. हा वंशाचा फरक आहे, तिच्यावर पुड्या खर्च करू नयेत. पुढच्या रेतनाला वळूच्या माहितीपत्रकात दुधाच्या लिटरबरोबर प्रथिनाच्या टक्केवारीचा आकडा अधिक चिन्हाचा आहे ना, ते पाहून रेतमात्रा मागा.